सर्दी-खोकला झालेल्या तान्ह्या बाळाची रात्र: श्वास कसा मोजायचा, कसं झोपवायचं आणि दवाखान्यात कधी निघायचं

तान्ह्या बाळाला सर्दी झाली की त्या रात्री जे करायला नको, नेमकं तेच घरोघरी होतं. नाक चोंदलंय म्हणून डोक्याखाली उशी सरकवतात. खोकल्याने दचकून उठतंय म्हणून पोटावर निजवून थोपटतात. गारठा बाधेल म्हणून टोपरं आणि दोन पांघरुणं चढतात. रडं थांबेना म्हणून कुणीतरी बाळाला छातीवर घेऊन सोफ्यावरच डोळे मिटतं. हे सगळं मायेपोटी होतं, पण यातल्या प्रत्येक गोष्टीने बाळ झोपेत दगावण्याचा धोका वाढतो.

एक वर्षाच्या आतलं, वरवर निरोगी दिसणारं बाळ झोपेत दगावतं आणि शवविच्छेदन, त्या जागेची पाहणी, आधीच्या आजारांची माहिती हे सगळं तपासूनही कारण सापडत नाही, तेव्हा त्याला आकस्मिक अर्भकमृत्यू म्हणतात. डॉक्टर त्याला ‘सिड्स’ म्हणतात. यातले बहुतेक मृत्यू पहिल्या सहा महिन्यांत होतात आणि दोन ते चार महिन्यांच्या वयात त्यांचं प्रमाण सर्वांत जास्त असतं. अशा अनेक बाळांना आधीच्या काही दिवसांत साधी सर्दी झालेली असते. एकट्या सर्दीने हे घडत नाही. तोंड गादीत दबलं की बाळ स्वतःच सोडलेली हवा पुन्हा आत घेत राहतं, रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि कार्बन डायऑक्साइड चढतो. अशा वेळी मेंदूच्या देठातली यंत्रणा बाळाला जागं करते, बाळ मान वळवतं, रडतं. काही बाळांमध्ये ही यंत्रणा कच्ची असते, आणि ताप, संसर्ग, अपुरी झोप आणि जास्तीची ऊब यांनी ती आणखी मंदावते. म्हणूनच आजारी बाळाला पालथं झोपवलं तर दोन्ही धोक्यांची नुसती बेरीज होत नाही, एकूण धोका त्याहून बराच वाढतो.

झोपवण्याचे नियम सर्वांत काटेकोरपणे पाळायची रात्र हीच. शिवाय सर्दी वाटतेय ती खरंच सर्दी आहे की न्यूमोनिया, ब्रॉन्किओलायटिस (फुप्फुसातल्या बारीक श्वासनळ्यांची सूज) किंवा डांग्या खोकल्याची सुरुवात आहे, हेही याच रात्री ओळखावं लागतं. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. क्रमालाही कारण आहे: नाक आधी साफ केलं तर बाळ रडतं, आणि रडून दमलेल्या बाळाचा श्वास बराच वेळ नीट मोजता येत नाही.

१. आधीची तयारी

हे सामान सर्दी व्हायच्या आधीच घरात आणून ठेवा.

- डिजिटल थर्मामीटर. कपाळावर चिकटवायच्या पट्ट्यांवर तान्ह्या बाळाच्या बाबतीत विसंबू नका.
- नाकात घालायचे ०.९ टक्के सलाइनचे थेंब, तयार मिळतात ते. घरी मीठ-पाणी कालवू नका. मिठाचं प्रमाण हमखास चुकतं आणि पाणी निर्जंतुक नसतं.
- नाक ओढायचा रबरी बल्ब किंवा नळीचा नेझल अ‍ॅस्पिरेटर.
- सेकंद दाखवणारं घड्याळ आणि बाळाच्या अंगावर पाडता येईल असा दिवा.
- वही-पेन. वेळ, श्वासांची संख्या, दूध, ओल्या लंगोटांची संख्या आणि ताप असे पाच रकाने आखा.
- तुमच्या भागातला रुग्णवाहिकेचा क्रमांक आणि रात्री उघडं असणाऱ्या, लहान मुलांवर उपचार करणाऱ्या रुग्णालयाचा पत्ता, मोठ्या अक्षरात भिंतीवर.

घरातल्या किमान दोन माणसांनी तान्ह्या बाळाच्या सीपीआरचं (श्वास थांबल्यावर छातीवर दाब आणि तोंडाने श्वास देण्याचं) प्रशिक्षण घेतलेलं असावं. नवव्या टप्प्यात ती पद्धत दिली आहे, पण पुतळ्यावर हाताने सराव केल्याशिवाय ती अंगवळणी पडत नाही.

खोलीत कुणी सिगारेट ओढत असेल तर ते आजपासून बंद. बाहेर जाऊन ओढली तरी धुराचे कण कपड्यांतून आणि श्वासातून बाळापर्यंत पोचतातच. ई-सिगारेटही यात आली. गरोदरपणात आणि नंतर बाळाच्या आसपास होणारं धूम्रपान हे आकस्मिक अर्भकमृत्यूच्या सर्वांत ठळक आणि टाळता येण्याजोग्या कारणांपैकी एक आहे, आणि छातीचे आजारही त्यानेच बळावतात.

२. श्वास पाहा आणि मोजा

या टप्प्यावर घाई करू नका, सगळा निर्णय यावर ठरतो.

बाळ शांत किंवा झोपलेलं असताना, दूध पीत नसताना मोजा. झबलं छातीपर्यंत वर सारा. कपड्यावरून श्वास मोजणं ही पहिली आणि सर्वांत नेहमीची चूक. बाळाच्या पायाच्या बाजूला बसा, तुमचे डोळे बाळाच्या पोटाच्या पातळीवर आणा आणि दिवा एका बाजूने धरा, म्हणजे बरगड्यांच्या सावल्या दिसतील.

पोट एकदा वर जाऊन खाली आलं की एक श्वास. घड्याळाकडे बघून पूर्ण ६० सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं काम इथे चालत नाही. तान्ही बाळं भराभर चार-पाच श्वास घेतात, मग पाच-दहा सेकंद थांबतात, पुन्हा सुरू करतात. ही अनियमितता पहिल्या काही महिन्यांत स्वाभाविक असते. तुमची पंधरा सेकंदं नेमकी थांब्यावर पडली तर आकडा फसवा येतो.

जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेली जलद श्वासाची मर्यादा अशी:

- २ महिन्यांहून लहान: मिनिटाला ६० किंवा जास्त
- २ महिने पूर्ण ते १२ महिन्यांच्या आत: मिनिटाला ५० किंवा जास्त

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा आकडा ६० किंवा वर आला तर लगेच पुन्हा एक मिनिट मोजा. दुसऱ्यांदाही तसाच आला तर तो खरा धरा आणि निघा. त्याहून मोठ्या बाळाला ताप असेल तर तापाने श्वास थोडा वाढतो. ताप उतरल्यावर पुन्हा मोजा, पण आकडा तरीही ५० किंवा वर राहिला, किंवा बाळ ओढून श्वास घेतंय असं वाटलं, तर तापाला दोष देत बसू नका, दवाखाना गाठा.

आता छाती पाहा. बाळं पोटाने श्वास घेतात, त्यामुळे पोट हलणं वावगं नाही. पाहायचं ते हे: श्वास आत घेताना पोट बाहेर येतंय आणि त्याच क्षणी छातीचा खालचा भाग, शेवटच्या बरगड्यांची कड, आत ओढली जातेय का? श्वास आत घेताना छातीही फुलायला हवी. ती आत जात असेल तर फुप्फुसं कडक झालीत किंवा श्वासमार्ग अरुंद झालाय आणि बाळ सगळा जोर लावून हवा ओढतंय. गळ्याच्या खळगीत किंवा बरगड्यांच्या मधे खड्डा पडत असेल तरी अर्थ तोच. रडताना क्षणभर असं दिसू शकतं. शांत असताना प्रत्येक श्वासाला दिसत असेल तर थांबायचं नाही.

तपासा: दोन माणसांनी एकमेकांना आकडा न सांगता मोजलं आणि दोघांचा आकडा साधारण सारखा आला, तर मोजणी बरोबर. बराच फरक असेल तर दोघांपैकी एकाने कपड्यावरून मोजलंय किंवा बाळ हलताना मोजलंय.

३. यातलं एकही दिसलं तर पुढचे टप्पे सोडा आणि निघा

- श्वास २० सेकंद किंवा जास्त थांबणं, किंवा कमी वेळ थांबूनही रंग बदलणं, अंग ढिलं पडणं
- ओठ, जीभ, हिरड्या निळसर किंवा राखाडी होणं
- प्रत्येक श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज
- नाकपुड्या फुलणं, श्वासागणिक डोकं हलणं, छाती आत ओढली जाणं
- शांत असतानाही श्वास आत घेताना घर्रकन कर्कश आवाज येणं
- दूध अजिबात न ओढणं, किंवा प्रत्येक वेळी उलटणं
- उठवूनही नीट न उठणं, रडणं क्षीण होणं, झटके
- तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस (१००.४ फॅरनहाइट) किंवा जास्त ताप
- अंग गार पडून तापमान ३५.५ अंश सेल्सिअसच्या (९५.९ फॅरनहाइट) खाली जाणं

रंग पाहताना गाल किंवा कपाळ पाहू नका. सावळ्या बाळाच्या कातडीवर निळेपणा दिसतच नाही. खालचा ओठ बोटाने हलकेच उलटा करा आणि आतली बाजू, हिरड्या आणि जीभ पाहा. हात-पाय गारठ्याने जरा निळसर होणं वेगळं, जीभ निळी होणं वेगळं.

सावधान: दोन महिन्यांच्या आतल्या आणि कमी दिवसांच्या (मुदतीआधी जन्मलेल्या) बाळांमध्ये आरएसव्ही या विषाणूचं किंवा डांग्या खोकल्याचं पहिलं लक्षण खोकला नसून श्वास थांबणं हेच असू शकतं. ‘खोकला तर नाहीच’ म्हणून निश्चिंत होऊ नका. घरात मोठ्या माणसाला दोन-तीन आठवडे चालणारा ढासेचा खोकला असेल तर तो डॉक्टरांना आवर्जून सांगा.

मोठ्यांच्या बोटाला लावायचं ऑक्सिमीटर बाळाच्या बोटाला लावून ‘९८ आहे, ठीक आहे’ असा निर्वाळा देऊ नका. ते यंत्र त्या बोटासाठी बनलेलं नाही, आकडा कुठेही जातो. आकडा बरा आणि छाती आत जातेय असं दिसलं, तर छातीवर विश्वास ठेवा.

४. नाक मोकळं करणं

पहिल्या काही महिन्यांत बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं. नाक चोंदलं की दूध ओढताना गुदमरतं, सोडून देतं, पुन्हा भुकेने रडतं. त्यामुळे नाक मोकळं करणं हा इथे खरा उपचार आहे.

अ) दुधाच्या दहा-पंधरा मिनिटं आधी करा. दूध पाजल्यावर केलं तर उलटी ठरलेली.

आ) बाळाला उताणं ठेवा. दुसऱ्या माणसाने डोकं दोन्ही बाजूंनी अलगद धरावं. प्रत्येक नाकपुडीत सलाइनचे एक ते दोन थेंब सोडा. बाटलीचं टोक नाकाला टेकवू नका, नाहीतर जंतू बाटलीत जातात.

इ) एक मिनिट थांबा. इथे बहुतेक जण घाई करतात. सुकलेला शेंबूड मऊ व्हायला तेवढा वेळ लागतो. कधीकधी शिंक येते आणि ओढायची गरजच उरत नाही.

ई) बल्ब आधी बाहेर दाबा, दाबलेला ठेवूनच टोक नाकपुडीच्या तोंडाशी टेकवा, मग हळूहळू सोडा. टोक आत घालून मग दाबलं तर हवेच्या झोताने सगळा शेंबूड आणखी आत ढकलला जातो. टोक खोल घुसवू नका, नाकाच्या बाहेरच्या कडेकडे रोखा. मधल्या पडद्याला लागलं की रक्त येतं.

उ) बल्बमधलं बाहेर काढा, पुसा, दुसरी नाकपुडी करा. शेवटी साबणाच्या कोमट पाण्याने आतून बाहेरून धुऊन, पाणी पूर्ण पिळून, टोक खाली करून सुकवा. ओला राहिलेला बल्ब आतून बुरसटतो आणि ते बाहेरून दिसत नाही.

दिवसातून तीन-चार वेळांपेक्षा जास्त ओढू नका. वारंवार ओढल्याने आतली त्वचा सुजते आणि नाक जास्तच चोंदतं. नुसते थेंब मात्र अधूनमधून घालायला हरकत नाही.

नाकात तेल किंवा तूप सोडू नका. ते श्वासनलिकेत उतरलं तर खोकल्याने बाहेर पडत नाही, फुप्फुसात साचतं आणि त्यातून न्यूमोनिया होतो. कापूर, मेन्थॉल, निलगिरीचं मलम छातीवर, नाकाखाली किंवा कपड्यावर लावू नका. त्याने तान्ह्या बाळाचा श्वासमार्ग उलट आक्रसतो, आणि कापूर पोटात गेला तर झटके येतात. गरम पाण्याच्या भांड्याची वाफ देण्यात भाजण्याचा धोका आहे, फायदा नाही. मोठ्यांचे नाक मोकळं करणारे औषधी थेंब बाळाच्या नाकात गेले तर गुंगी येऊन श्वास मंदावू शकतो.

५. दूध, ताप आणि औषधांचं काय

बाळ एका बैठकीत नेहमीएवढं दूध घेणार नाही. थोडं थोडं, जास्त वेळा पाजा. अंगावरचं दूध सुरूच ठेवा, आईला सर्दी असली तरी. तिने पाजताना मास्क लावावा, हात धुवावेत. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ‘घसा ओला राहील’ म्हणून वरून पाणी नको.

मर्यादा लक्षात ठेवा: दिवसभरात नेहमीच्या निम्म्याहून कमी दूध गेलं, किंवा १२ तासांत एकही ओला लंगोट नाही, तर बाळाला दाखवायलाच हवं. डायपर वापरत असाल तर ओलेपणा हाताला कळत नाही, म्हणून आत कापसाचा बोळा ठेवा.

ताप काखेत मोजताना काख कोरडी करा, थर्मामीटरचं टोक कातडीला भिडवा, दंड छातीशी धरून ठेवा. तीन ते सहा महिन्यांच्या बाळाला ३९ अंश (१०२.२ फॅरनहाइट) किंवा जास्त असेल तर त्याच दिवशी दाखवा. तीन महिन्यांच्या आत पॅरासिटॅमॉल स्वतःहून देऊ नका. तापाचा आकडाच डॉक्टरांना दिशा देतो आणि औषधाने तो झाकला जातो. मोठ्या बाळालाही मात्रा वजनावरून, डॉक्टरांनी लिहून दिलेलीच. थेंब आणि सिरप या दोन्हींत औषधाचं प्रमाण वेगवेगळं असतं, त्यामुळे सिरपची मात्रा थेंबांच्या बाटलीतून दिली तर काही पट औषध जातं. बाटलीसोबत आलेली सिरिंज किंवा ड्रॉपर त्याच बाटलीसाठी वापरा, घरातल्या चमच्याने देऊ नका.

खोकल्याची सिरपं आणि सर्दीची मिश्रणं बाळाला देऊ नका. त्यांनी खोकला कमी होत नाही आणि त्यातली काही औषधं गुंगी आणतात. गुंगीतलं बाळ गाढ झोपलेलं दिसतं, घरच्यांना हायसं वाटतं, आणि जागं होण्याची जी क्षमता त्याला वाचवते तीच बोथट झालेली असते. मोठ्या भावंडाचं उरलेलं औषधही नको. मध एक वर्ष पूर्ण होईपर्यंत चाटवायचा नाही, बोटाला लावूनसुद्धा नाही. त्यातल्या जंतूंनी बाळाला बोट्युलिझम होऊ शकतो आणि त्यात श्वासाचे स्नायूच लुळे पडतात.

६. झोपायची जागा

पाळणा असो, खाट असो, जमिनीवरची गादी असो, नियम तेच: पृष्ठभाग कडक, सपाट आणि रिकामा.

गादीवर तळहात दाबून उचला. खळगा लगेच भरून आला पाहिजे. बाळ झोपवल्यावर डोक्याभोवती खोलगट भाग होत असेल तर गादी मऊ आहे. चादर चारही बाजूंनी ताणून खोचलेली हवी. गादी आणि कठड्यात दोन बोटांपेक्षा जास्त फट नको, कठड्याच्या दांड्यांमध्ये सुमारे ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर नको. उशी, लोड, गोधडी, मऊ खेळणी, कठड्याला बांधायच्या गाद्या, बाजूला लावायच्या गुंडाळ्या यातलं काहीही आत नको. ‘पडू नये म्हणून’ दोन्ही बाजूंना लावलेल्या उशाच बाळाच्या तोंडावर येतात.

आता उताराबद्दल, कारण सर्दीत सर्वांत जास्त चूक इथेच होते. डोकं उंच केलं तर श्वास सोपा होईल हे मोठ्यांच्या अनुभवावरून आलेलं आहे. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड आणि मान लवचीक असते. उशीवर किंवा उतारावर ठेवलं की ते खाली घसरतं, हनुवटी छातीला टेकते आणि पेन्सिलीहूनही बारीक असलेली श्वासनलिका वाकून आणखी अरुंद होते. कार सीट, बाउन्सर, झुला, खोलगट पडणारी झोळी या सगळ्यांत हेच होतं. प्रवासात कार सीट आवश्यकच आहे, पण घरी पोचल्यावर झोपलेल्या बाळाला उचलून सपाट जागी ठेवा. आधीच नाक चोंदलेल्या बाळाला अशी वाकलेली मान परवडत नाही.

बाळाची जागा तुमच्याच खोलीत, हात पोचेल अशी, पण वेगळी हवी. किमान सहा महिने. आजारी बाळाला कुशीत घेऊन झोपावंसं वाटणं स्वाभाविक आहे, पण दमलेला मोठा माणूस, मऊ गादी आणि चोंदलेलं नाक हे एकत्र येऊ देऊ नका. त्यातही घरातल्या कुणी झोपेचं औषध किंवा मद्य घेतलं असेल, कुणी धूम्रपान करत असेल, बाळ कमी दिवसांचं किंवा चार महिन्यांच्या आतलं असेल, तर धोका फारच वाढतो. सोफा आणि आरामखुर्ची सर्वांत वाईट: बाळ पाठीमागच्या फटीत घसरतं किंवा तुमच्या अंगाखाली दबतं. पाजताना डोळा लागेल असं वाटत असेल तर सोफ्यापेक्षा उशा-पांघरुणं काढलेल्या पलंगावर पाजा, आणि जाग आली की बाळाला त्याच्या जागी ठेवा.

७. बाळाला ठेवणं

उताणं. प्रत्येक झोपेला, दुपारच्या डुलकीलाही. कुशीवरही नाही, कारण कुशीवरून बाळ सहज पालथं होतं.

‘उताणं झोपलं तर कफ किंवा उलटी घशात अडकेल’ ही भीती जवळपास प्रत्येक घरात असते. शरीराची रचना पाहा: बाळ उताणं असताना श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते. वर आलेलं दूध खालच्या बाजूला राहतं आणि बाळ ते गिळतं किंवा खोकून बाहेर टाकतं. पालथं केलं की श्वासनलिका खाली येते, आणि वर आलेलं दूध तिच्या तोंडाशी साचतं. दूध वर येण्याचा त्रास असलेल्या बाळांनाही उताणंच झोपवायचं. दूध पाजून ढेकर काढून वीस-तीस मिनिटं उभं धरलं तर चांगलं, पण झोपवताना सपाटच.

बाळ दोन्ही बाजूंनी आपलं आपण वळायला लागलं असेल तर झोपवताना उताणं ठेवा, नंतर स्वतः वळलं तर उठून पुन्हा पुन्हा उलटवायची गरज नाही. जागेपणी, तुमची नजर असताना पोटावर ठेवणं गरजेचंच आहे. त्याने मान आणि खांदे बळकट होतात.

कपडे: तुम्हाला त्या खोलीत जेवढे पुरतात त्याहून फार तर एक थर जास्त. घरात टोपरं नको, कारण बाळाची बरीच उष्णता डोक्यातूनच बाहेर पडते. सुटं पांघरूण नको, गरज वाटली तर हात बाहेर राहतील असा झोपायचा अंगरखा घाला. ताप असेल तर थर कमी करा, वाढवू नका. दुपट्यात बांधत असाल तर छातीवर तुमचा हात सरकेल एवढं सैल बांधा, आणि बाळ वळायचा प्रयत्न करायला लागलं की ती सवय कायमची बंद. वजनदार दुपटी आणि झोपायचे वजनदार अंगरखे वापरू नका.

तपासा: मानेच्या मागे किंवा छातीवर बोटं ठेवा. घाम किंवा चटका लागत असेल तर एक थर काढा. हात-पाय गार लागणं हे थंडी वाजण्याचं माप नाही.

चोखणी चालते. अंगावरचं दूध नीट रुळल्यावर झोपताना दिली तर आकस्मिक मृत्यूचा धोका कमी होतो असं दिसून आलंय. दोरीने गळ्यात किंवा कपड्याला बांधू नका. झोपेत पडली तर पुन्हा तोंडात कोंबू नका. नाक अगदी चोंदलेलं असेल त्या रात्री बाळ ती नाकारेल, नाकारू द्या.

८. रात्रीची पाळी

दोघांनी पाळ्या लावा. दर दुधाच्या वेळी आधी श्वास मोजा, मग नाक (ओढणं दिवसातून तीन-चार वेळाच, बाकी वेळी नुसते थेंब), मग दूध, आणि वहीत नोंद करा. बाळ झोपेतून उठून दूध मागत नसेल तर तुम्ही उठवा. ‘आज शांत झोपलंय’ ही आजारी तान्ह्या बाळाच्या बाबतीत समाधानाची गोष्ट नाही, उठवून पाहायची गोष्ट आहे.

ब्रॉन्किओलायटिसमध्ये साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी त्रास सर्वांत वाढतो. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ‘घरी सांभाळा’ म्हटलं असेल तर ते त्या दिवसापुरतं होतं. आकडे वाढले तर पुन्हा जा. ‘कालच दाखवलंय’ हे न जाण्याचं कारण होऊ शकत नाही. कमी दिवसांचं बाळ, जन्मजात हृदयविकार, फुप्फुसाचा जुना आजार किंवा स्नायूंचा आजार असलेलं बाळ यांच्या बाबतीत मर्यादेची वाट न पाहता लवकर जा.

श्वासावर लक्ष ठेवणारे मोजे, चटया, कॅमेरे बाजारात आहेत. आकस्मिक मृत्यू त्यांनी टळतो असं सिद्ध झालेलं नाही. ते लावलंय म्हणून पालथं झोपवायची सूट मिळत नाही.

९. श्वास थांबला तर

बाळाला गदागदा हलवू नका. त्याने मेंदूत रक्तस्राव होतो.

अ) तळव्यावर टिचक्या मारा, मोठ्याने हाक मारा. प्रतिसाद नसेल तर मदतीला ओरडा. दुसऱ्याने रुग्णवाहिकेला फोन लावून स्पीकरवर ठेवावा. एकटे असाल आणि फोन हाताशी नसेल तर दोन मिनिटं सीपीआर द्या, मग बाळाला घेऊनच फोनकडे जा.

आ) कडक सपाट जागी उताणं ठेवा. नाक छताकडे येईल एवढंच डोकं सरळ करा. मोठ्या माणसासारखी मान मागे ताणली तर बाळाचा श्वासमार्ग उलट बंद होतो. हनुवटीच्या हाडाखाली एक बोट लावून हलकेच वर उचला, गळ्याच्या मऊ भागावर दाबू नका. तोंडात काही दिसत असेल तर काढा. दिसत नसताना बोट फिरवू नका.

इ) दहा सेकंदांपर्यंत छाती पाहा. अधूनमधून आचके देणं म्हणजे श्वास नव्हे.

ई) दाब: दोन्ही स्तनाग्रांना जोडणाऱ्या रेषेच्या जरा खाली, छातीच्या मधल्या हाडावर. दोन्ही हातांनी छातीला विळखा घालून दोन्ही अंगठ्यांनी, किंवा एका तळहाताच्या टाचेने दाबा. खोली छातीच्या एक तृतीयांश, साधारण ४ सेंटिमीटर. वेग मिनिटाला १०० ते १२०. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या.

उ) श्वास: तुमच्या तोंडाने बाळाचं तोंड आणि नाक दोन्ही झाका. गालात मावेल एवढीच हवा, एक सेकंदभर. छाती उचलली गेली पाहिजे. नाही गेली तर डोक्याची स्थिती सुधारून पुन्हा.

ऊ) ३० दाब, २ श्वास, पुन्हा ३० दाब. बाळ श्वास घेऊ लागेपर्यंत किंवा मदत येईपर्यंत थांबू नका. काही देशांच्या पद्धतीत सुरुवातीला ५ श्वास देतात, काहींत थेट दाबांनी सुरुवात करतात. तुम्ही ज्या क्रमाचं प्रशिक्षण घेतलंय तोच पाळा. नुसते दाब देऊन थांबू नका. तान्ह्या बाळाचं हृदय बहुतेकदा श्वास थांबल्यामुळेच थांबतं, म्हणून श्वास देणं इथे फार महत्त्वाचं.

बाळ काही सेकंदांत आपोआप सावरलं, रंग परत आला, हसू लागलं, तरी त्याच दिवशी दाखवा. वय दोन महिन्यांच्या आत असेल, बाळ कमी दिवसांचं असेल, प्रसंग दुसऱ्यांदा घडला असेल किंवा तुम्हाला सीपीआर द्यावा लागला असेल तर थेट रुग्णालयात. जाताना हे सांगता आलं पाहिजे: जागं होतं की झोपेत, किती सेकंद, ओठांचा रंग, अंग ढिलं होतं की ताठ, शेवटचं दूध कधी, कोणत्या स्थितीत आणि कशावर झोपलं होतं.

आणि बाळ गेलंच, तर शवविच्छेदन आणि झोपायच्या जागेची पाहणी नाकारू नका. गादी, कपडे, बाळ कसं सापडलं हे आहे तसं सांगा. छुपा न्यूमोनिया, हृदयाच्या स्नायूची सूज, जन्मजात चयापचयाचा आजार, हृदयाच्या ठोक्यांचा आनुवंशिक दोष यातलं काही सापडलं तर पुढच्या आणि आधीच्या भावंडांना त्याचा उपयोग होतो. विचारपूस करणारी माणसं आरोप करायला आलेली नसतात. नातेवाइकांनी आईकडे बोट दाखवणं मात्र त्याच क्षणी थांबवलं पाहिजे. सगळं नियमाप्रमाणे करूनही काही बाळं जातात.

१०. आजार उतरताना

श्वासाचा आकडा आधी खाली येतो, मग दूध वाढतं, खोकला सर्वांत शेवटी जातो. ब्रॉन्किओलायटिसचा खोकला तीन आठवड्यांपर्यंत रेंगाळणं नेहमीचं आहे, त्यासाठी अँटिबायोटिक मागू नका. खोकला कमी होऊन पुन्हा ताप चढला, श्वासाचा आकडा पुन्हा वाढला किंवा खोकल्याच्या उबळीनंतर बाळ निळं पडून उलटी करू लागलं, तर पहिल्या टप्प्यातली वही घेऊन परत जा.

लसीकरणाची तारीख साध्या सर्दीसाठी पुढे ढकलू नका. डांग्या खोकला, हिब आणि न्यूमोकोकस (न्यूमोनिया करणारे दोन जिवाणू) यांच्या लसी याच आजारांपासून वाचवतात. लसींमुळे आकस्मिक मृत्यू होतो ही समजूत चुकीची आहे, लस घेतलेल्या बाळांमध्ये त्याचं प्रमाण कमी आढळतं. पुन्हा गरोदर राहिल्यास डांग्या खोकल्याची लस आणि जिथे मिळते तिथे आरएसव्हीची लस याबद्दल गरोदरपणातच डॉक्टरांना विचारा. आरएसव्हीविरुद्ध बाळाला थेट देण्याचं प्रतिपिंडांचं (अँटिबॉडीजचं) इंजेक्शनही काही देशांत उपलब्ध आहे.

सर्दी गेली म्हणून उशी, पांघरूण किंवा कुशीवर झोपवणं परत आणू नका. सहावा आणि सातवा टप्पा पहिल्या वाढदिवसापर्यंत दररोजचे आहेत.